पावसाचा आकडा आणि पंचनाम्याचा कागद

पावसाळा आला की मुंब्रा, ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांना एकच धास्ती असते : गाळ्यात पाणी तर शिरणार नाही? 26 जुलै 2005 चा दिवस उल्हास आणि वालधुनीच्या काठचे लोक विसरलेले नाहीत. त्या वेळी सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला अवघा 73. एकाच शहरात एवढी तफावत! मग एका ठिकाणच्या आकड्यावरून दुसऱ्या गल्लीचे नुकसान ठरवायचे कसे?

आता कुलाब्याबरोबरच वेरावलीलाही डॉप्लर रडार आहे. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण रडार जमिनीवर पडलेले पाणी मोजत नाही. ढगातील थेंबांवर आपटून परतलेल्या लहरींवरून तो पावसाचा अंदाज बांधतो. हवेत खाली थंड आणि वर उष्ण असे थर झाले की लहरी वाकतात, जमिनीवर आपटतात आणि पाऊस नसताना पाऊस दिसतो. उलट डोंगर आड आला तर त्यामागची सर निसटते. म्हणून यंत्राचा आकडा विचित्र निघू शकतो. सरकारी मदतीत 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पावसाला अतिवृष्टी मानतात, आणि ती नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरची असते, आपल्या ओट्यावरची नव्हे. आमचे प्रशासनाला सांगणे आहे की, केवळ आकडा कमी आहे म्हणून खऱ्या नुकसानग्रस्ताला परत पाठवू नये. जागेवर येऊन भिंतीवरची पाण्याची खूण पाहावी.

पण आमच्या बांधवांनाही दोन शब्द स्पष्टच सांगायला हवेत. आकड्यात गोंधळ आहे, तर आपणही दोन शिलाई यंत्रांची पाच लिहून टाकू, असा सल्ला देणारे दलाल प्रत्येक पुरानंतर उगवतात. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही, असे ते सांगतात. हा सल्ला घातक आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 52 नुसार मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील दोघांनी पर्जन्यमापकांत छेडछाड करून दुष्काळी विम्याचे पैसे उकळले. साठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम आणि तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आला.

कायद्याच्याही आधी आमच्यासाठी दीनची शिकवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. पाऊस लागला, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग तो भाग वर का ठेवला नाहीस, असे आपण (स.) विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस पावसाचीच आहे, हे लक्षात घ्यावे. पाऊस खरा होता. लपवणे हा गुन्हा होता.

शिवाय खोट्या दाव्याचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याची कमाईची एकुलती एक मशीन खरोखर गेली, त्या शेजाऱ्याला. एक यादी खोटी निघाली की सगळ्या मोहल्ल्याच्या यादीवर संशय येतो आणि महिनोन् महिने पैसा अडकतो.

तेव्हा मालाची नोंदवही ठेवा, खरेदीची बिले उंच जागी ठेवा, पाणी असतानाच तारखेसह फोटो काढा. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका; वाचून सही करा आणि प्रत मागा. नोंद चुकीची असेल तर लेखी हरकत घ्या. हक्काचा पैसा ठासून मागा, पण एक रुपयाही जास्त नको. हलाल रोजीची बरकत त्यातच आहे.