कच्चा फोटो जपून ठेवा!

बालमित्रांनो, फोटो उजळ करायला गेलात आणि तो जास्तच बिघडला, असं तुमचं कधी झालंय का? माझं झालंय. बाई असून झालंय! आज तीच गोष्ट सांगते. आईबाबांनाही वाचून दाखवा बरं का.

दसऱ्याच्या सुमाराला आमच्या चौथीच्या वर्गाचा फोटो काढायचं ठरलं. घाई होती. वर्गातल्या एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला निघणार होते आणि तोही त्यांच्याबरोबर जाणार होता. घरी त्याचा एकही फोटो नव्हता. "बाई, मी जायच्या आधी द्याल ना?" असं तो तीनदा विचारून गेला. मी भावाचा कॅमेरा आणला, मुलांना लिंबाच्या झाडाखाली उभं केलं आणि फोटो काढले.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघते तर काय! पुढच्या रांगेवर ऊन, मागची रांग काळोखात. आणि आमचा गडी उंच, म्हणून नेमका मागे! त्याचा चेहरा ओळखूच येईना. मी उजेड वाढवला. चेहरा दिसला खरा, पण गालावर ठिपकेच ठिपके आणि रंग मातकट. वर 'सेव्ह' दाबून मोकळी झाले. झालं! जुन्या फोटोच्या जागी बिघडलेला फोटो बसला.

रडवेली होऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कार्ड पुसलं नाहीस ना? त्यात रॉ फाइल आहे." कार्ड भरलं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी ते पुसणार होते!

आता ही रॉ फाइल म्हणजे काय? आपलं मानवत कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जातं. शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी काढतात, मग सूत, कापड आणि शेवटी सदरा. रॉ फाइल म्हणजे शेतातला कापूस, आणि नेहमीचा जेपेग फोटो म्हणजे शिवलेला सदरा. कापसाचं काहीही करता येतं. सदऱ्याचा पुन्हा कापूस होत नाही!

कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो. त्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या बारीक गाळण्या बसवलेल्या असतात. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं. सेन्सरच्या एका ठिपक्याला एकच रंग कळतो. बाकीचे दोन शेजारच्या ठिपक्यांवरून ताडावे लागतात. जेपेगमध्ये हे काम कॅमेराच उरकून टाकतो आणि नको वाटलेली माहिती फेकून देतो. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४! म्हणून काळोखात दडलेला चेहरा रॉ फाइलमध्ये पुष्कळदा सापडतो.

पण मूळ प्रत जपायची ही रीत काही नवी नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सहाव्या निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ नावाचे नामांकित छायाचित्रकार होते. ते काचेच्या निगेटिव्हवर फोटो घेत. १९०५ साली ते वारले, पण त्यांच्या २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच शाबूत असली की तिच्यावरून नवा फोटो काढता येतो. रॉ फाइल म्हणजे आजची काचच समजा.

ही फाइल उघडायला सॉफ्टवेअर लागतं. कोणतं घ्यावं? चार प्रश्न विचारा. आपल्या कॅमेऱ्याची फाइल त्यात उघडते का? मूळ फाइलला हात न लावता बदल वेगळे लिहून ठेवतं का? आपल्या कॉम्प्युटरवर नीट चालतं का? आणि पैसे एकदाच द्यायचे, की दरमहा?

लाइटरूम नामांकित आहे, पण त्याला भाडं भरावं लागतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत, आणि तीही चोरून नव्हे, हक्कानं! आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर रॉथेरपी बरं चाललं, म्हणून मी ते घेतलं. तुम्ही दोन्ही वापरून बघा आणि मग ठरवा.

कामाचा क्रम मात्र पाठ करा:

१. कार्डावरचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवा. मगच कार्ड पुसा.
२. फोल्डरला तारीख आणि प्रसंगाचं नाव द्या.
३. चांगले फोटो निवडा. सगळ्यांवर मेहनत नको.
४. आधी रंगांचा तोल साधा. सावलीत पांढरे सदरे निळसर दिसतात, ते पांढरे करा. मग उजेड. कातरकाम शेवटी.
५. छापायला वेगळा जेपेग काढा. रॉ फाइल तशीच राहू द्या.

याच क्रमानं मी रात्री बसले. उजेडाची पट्टी हळूहळू सरकवली, आणि मागच्या रांगेतून आमचा गडी हसत बाहेर आला! फोटो छापून त्याच्या हातात दिला. त्यानं तो वहीत घातला आणि वही कपड्यांच्या गाठोड्यात.

उन्हाळ्यात तो परत आला. फोटो ओलीनं चिकटून फाटला होता. मान खाली घालून म्हणाला, "बाई, खराब झाला." मी म्हटलं, "होऊ दे रे, कापूस आहे आपल्याकडे!" त्याला काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नवा कोरा फोटो मिळाल्यावर बरोबर कळलं.

करून पाहा: काही मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' नावाचा भाग असतो. त्यात रॉ फाइलची सोय आहे का ते घरच्यांना विचारून शोधा. असली तर आजीचा एक फोटो सावलीत काढा आणि रॉ व जेपेग दोन्ही सारखेच उजळून बघा. फरक काय दिसला, ते वहीत लिहा. फाइल मोठी असते, म्हणून सगळेच फोटो तसे काढू नका. पण जो फोटो पुन्हा काढता येणार नाही, त्याचा कापूस जपून ठेवा!