डायपरवरचा कर घटला; गळती कशी थांबेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून रुग्णांच्या डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रोज तीन-चार डायपर लागणाऱ्या घरांना थोडा दिलासा मिळाला. पण अंथरूण भिजतच राहिले, तर वाचलेले पैसे जास्तीच्या डायपरमध्येच जातात.

मोठा साइज जास्त शोषतो, हा गैरसमज आहे. सैल डायपर मांड्यांजवळून गळतो. कंबर आणि नितंबांचा घेर मोजून पाकिटावरील तक्ता पाहा. मांड्यांजवळची झालर बाहेर काढा. पुरुष रुग्णाचे लिंग खालच्या दिशेने ठेवा.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आई-वडिलांचे पाणी कमी करू नका. लघवीवरचा ताबा अचानक गेला, जळजळ किंवा ताप असेल, तर त्याला म्हातारपण समजू नका. लगेच तपासून घ्या.