सक्तीची शाळा आणि स्वातंत्र्य

घंटा वाजली कीं खेळ अर्धवट टाकून वर्गांत जावें लागतें, तेव्हां ‘आम्हांला स्वातंत्र्य कोठें आहे?’ असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येतो. हा प्रश्न पोरकट नव्हे. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनीं त्याचा खल केला आहे.

१९५८ सालीं ऑक्सफर्ड येथील आपल्या व्याख्यानांत आयझाया बर्लिन यांनीं स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे करून दाखविले. आपल्या वाटेंत दुसरा कोणी आड न येणें हें अभावरूप स्वातंत्र्य. आपण स्वतःच आपले धनी असणें हें भावरूप स्वातंत्र्य. तत्पूर्वीं, १८८१ सालीं, टी. एच्. ग्रीन यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, नुसतें बंधन नसणें पुरेसें नाहीं. करण्याजोगें कार्य करण्याचें सामर्थ्यही अंगीं हवें. म्हणूनच शिक्षणाच्या सक्तीस त्यांचा पाठिंबा होता.

हा विचार आपल्याकडेही झाला आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत तशाच हेतूचें विधेयक मांडलें. तें पुढील वर्षीं नामंजूर झालें. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यास वाचण्याची मनाई कोणीं केली होती? तथापि तो स्वतंत्र होता, असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

मग सक्ती केव्हांही चांगलीच काय? येथें बर्लिन यांचा इशारा ध्यानांत ठेवावा. ‘तुझें खरें हित तुझ्यापेक्षां मला अधिक कळतें,’ असें म्हणतच जुलमी सत्ताधारी लोकांच्या मानेवर बसतात. पालकांनींही येथें क्षणभर थांबावें. मुलाचा कल न पाहतां त्याच्यावर आपल्या पसंतीचा धंदा लादणारा बापही प्रेमानें तेंच बोलत असतो.

आमच्या मतें सक्तीची कसोटी एकच आहे. जी सक्ती मुलास स्वतः विचार करावयास शिकविते व त्याच्या वयाबरोबर ओसरत जाते, ती स्वातंत्र्याची दाई होय. जी त्यास जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावयास लावते, ती गुलामगिरीच होय. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांतही ६ ते १४ वर्षें अशी वयाची सीमा आहे, हें योग्यच झालें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, घंटा वाजतांच वर्गांत अवश्य जा. परंतु असें शिका कीं, पुढें तुम्हांस कोणाच्याही घंटेची गरज राहूं नये.