बॉनेट उघडायचं कुणी?

आमच्या कशेडी घाटात बंद पडलेली गाडी ही काही नवलाची गोष्ट नाही. 2023 साली गणपतीच्या तोंडावर बोगद्यातून वाहतूक सुरू झाली आणि घाटावरचा ताण हलका झाला, पण तापायच्या त्या गाड्या तापतातच. अशी गाडी दिसली की बाजूचं चित्र हमखास ठरलेलं. बॉनेट उघडं, त्यात चार पुरुष वाकलेले. त्यांतल्या तिघांना काहीही कळत नसतं, हे लांबूनही समजतं! आणि बायका? त्या कठड्यावर, मांडीवर पर्स आणि पोर घेऊन बसलेल्या. 'काय झालं हो?' असंसुद्धा विचारत नाहीत, कारण 'तुला काय कळणार त्यातलं' हे उत्तर त्यांना पाठ असतं.

स्टिअरिंग आपण केव्हाच हातात घेतलं. परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे 1988 साली रिक्षा चालवू लागल्या, त्यालाही आता किती वर्षं झाली! आज महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर स्कूटीवरच्या आशाताई, शिक्षिका, बँकेतल्या मुली रोज दिसतात. पण गाडीच्या पोटात काय आहे, ते बघायची वेळ आली की आपण अजूनही चार पावलं मागे सरतो. हे मागे सरणं मला आता खटकायला लागलंय, आणि त्याला कारण आमच्या पडवीत उभी असलेली एक गाडी.

गाडी माझ्या भाचीची. पुण्याला नोकरी करते, तिथे सोसायटीत जागा नाही, म्हणून 'मावशी, तुझ्याकडे ठेवू?' म्हणाली. मला वाटलं, असेल आपली मारुती. आली ती अगदी बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं मावणारी, चाकं अंगाबाहेर आलेली, जुन्या इंग्रजी सिनेमातून उतरल्यासारखी! सासूबाई म्हणाल्या, "हिला छप्पर बसवायचं राहिलं का?" गावातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "जावयांची का गाडी?" जावई अजून व्हायचाय हो! सेकंडहँड गाडी, स्वतःच्या पगारातून घेतलेली. आणि ती बनली आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागकडे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शमा आणि गिडो बोथे या दांपत्याच्या चिंकारा मोटर्सने ही रोडस्टर काढली. अंग फायबरचं आणि इंजिन 1.8 लिटरचं इसुझूचं. म्हणजे अँबेसेडर आणि कॉन्टेसामध्ये बसायचं तेच. थाट साहेबी, पण काळीज आपल्या सरकारी गाडीचं!

या रूपाची मूळ गाडी म्हणजे इंग्लंडची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती 1957 साली आणली. सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडले, तर तिथे खरेदी कर लागत नसे, म्हणून लोकांनी ती घरच्या शेडमध्ये पान्यांनी जोडली. गंमत अशी सांगतात की, जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागायचा, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली जायची. गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची! चिंकाराची रोडस्टरही अशी सुट्या भागांत मिळत असे. म्हणजे या गाडीचा पिंडच मुळी घरी उघडण्याचा आहे. पुढचं झाकण उचललं की सगळं समोर. हल्लीच्या गाड्यांसारखं काळ्या प्लॅस्टिकखाली लपवलेलं काही नाही.

भाची महिन्या-दीड महिन्याने येते आणि रविवारभर पडवीत बसते. सुरुवातीला मी नुसती चहा नेऊन द्यायची. मग एकदा 'मावशी, जरा हा पाना धर' झालं, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की, अरे, ही तर आपलीच कामं! बी.ए.ला मी मराठी घेतलं होतं, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून पातळी बघायची, त्याचा रंग, वास बघायचा, यात आणि तळणीचं तेल पारखण्यात फरक तो काय? कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा वेगळी वाजली तर आपण शेजारच्या खोलीतून ओळखतो. हाच कान इंजिनला लावला की प्लग खराब झालेला किंवा पट्टा सैल झालेला कळायला वेळ लागत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फायबरचं अंग गंजत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण आतला सांगाडा लोखंडाचाच, तो चिखल धरून ठेवतो आणि आतून खातो. म्हणून मे महिन्यात खालून सगळं धुऊन, वाळवून, गंजरोधक लावायचं. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घालायचा नाही, आत घाम धरतो. आम्ही जुन्या सुती साड्या शिवून खोळ केली. बॅटरीची वायर सोडवून ठेवायची. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, महिनाभराच्या ओलीत तो चिकटून बसतो. त्याऐवजी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. पेट्रोलची टाकी तर मुद्दाम बघायची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल शोषतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळी हाताने दाबून बघायची. कडक झाली किंवा चिरा पडल्या की बदलायची, वाट बघायची नाही. आणि उंदीर! भातकापणी झाली की ते घरात येतात आणि त्यांना वायरी फार आवडतात.

'ही सगळी पैसेवाल्यांची हौस आहे, बाई,' असं मला एका मैत्रिणीने ऐकवलं. हौस आहेच, मी नाही म्हणत नाही. पण या हौसेचा उपयोग कुठे झाला, तेही सांगते.

आमच्या बचत गटाने एक जुनी पिकअप घेतली आहे. नाचणीचे पापड, वरीचे तांदूळ महाडच्या बाजारात न्यायला. गटातल्या दोघीजणी ती चालवतात. पहिल्याच वर्षी एका गॅरेजवाल्याने क्लच प्लेट बदलल्याचे पैसे दोनदा लावले आणि आम्ही मुकाट्याने दिले, कारण क्लच प्लेट म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांची बचत होती ती! तेव्हा मी भाचीला म्हटलं, एक रविवार आमच्या बायकांना दे. सहाजणी आल्या. रोडस्टर उघडीच असल्यामुळे बोट ठेवून दाखवता आलं, हे ब्रेक ऑइल, हे कूलंट, हा पट्टा. मग त्याच हातांनी आमच्या पिकअपचं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी निम्म्याहून खाली आणि आतलं तेल काळंभोर! दुसऱ्या दिवशी तीच गाडी माल घेऊन घाट उतरणार होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी कितीही कमी चालू दे. आणि डबीतली पातळी अशी खाली गेली असेल तर तेल कुठेतरी गळतंय किंवा ब्रेक झिजलेत, नुसती भर घालून भागत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आम्ही मात्र दर फेरीला गाडीला हार घालून नारळ फोडत होतो. नारळ जरूर फोडा, पण डबीही बघा ना!

बायकांच्या हाताला हे नवीन आहे, असंही नाही. कार्ल बेंझ यांची पहिली मोटार खऱ्या रस्त्यावर लांब पल्ल्याला नेली ती त्यांच्या बायकोने. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, शंभर किलोमीटरवरच्या माहेरी गेल्या. (माहेरची ओढ जर्मनीतही तीच!) वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची युक्ती तिथून आली, असं मानतात.

आता एक स्पष्ट सांगते. घरी सगळंच करायला जाऊ नये. ब्रेक खोलणं, इंजिन उतरवणं हे चांगल्या मिस्त्रीचंच काम. आपण बघायचं, ओळखायचं, आणि मिस्त्रीला नेमका प्रश्न विचारायचा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कधीही शिरू नये. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांवर गाडी टेकवायची खोड आहे, ती तर अगदी वाईट. चिरा न सांगता फुटतो. पक्के लोखंडी स्टँड आणा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि काढलेलं काळं ऑइल परसात किंवा वहाळात ओतू नका, ते शेवटी सावित्रीतच जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

दरवर्षी गटाला प्रशिक्षणाचं पत्र येतं. मसाले, अगरबत्ती, शिवण, पुन्हा मसाले. मसाला आम्हाला आजीने शिकवलाय हो! या वेळी मी 'वाहनाची घरगुती देखभाल' असा विषय लिहून पाठवला आहे. शिकवायला पोलादपूरचा एक जुना मिस्त्री तयार झालाय. त्याच्या दोनच अटी आहेत. पदर घट्ट खोचून यायचं, आणि बॅटरीजवळ हात घालण्याआधी धातूच्या बांगड्या काढून ठेवायच्या. दुसऱ्या अटीवर आमच्यातल्या दोघी-तिघी अजून अडल्यात. काचेच्या चालतील का, असं त्याला विचारायचं आहे.