रोज टाका म्हणणाऱ्यांचं गणित

रील शिकवणाऱ्या कुठल्याही क्लासात जा, चार आज्ञा हमखास मिळतात. रोज एक तरी टाका. चालू असलेलं गाणं लावा. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबवा. आणि जमत असेल तर मराठी सोडून हिंदीत बोला, म्हणजे बाजार मोठा होतो. हे सांगणारे सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. पण सल्ला सोयीचा कुणाला आहे, हे कुणी विचारत नाही. रोजचा फुकटचा माल प्लॅटफॉर्मला हवा असतो. क्लासवाल्यालाही तो बरा, कारण फळ आलं नाही की 'तुम्ही मध्ये दोन दिवस चुकलात' म्हणून हात झटकता येतात.

'रोज टाका'वाल्यांचा युक्तिवाद लॉटरीचा आहे. जितकी तिकिटं जास्त, तितकी लागण्याची शक्यता जास्त. पण लॉटरीत तुमचं एक तिकीट दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, इथे येतं. यूट्यूबने २०१२ मध्येच नुसते व्ह्यूज मोजणं मागे टाकून लोक किती वेळ बघतात याला महत्त्व दिलं. त्यामुळे घाईत केलेला पाणचट व्हिडिओ नुसता वाया जात नाही. ज्याने तो अर्ध्यात सोडला, त्याच्यापुढे तुमचा पुढचा व्हिडिओ येण्याची शक्यताही तो कमी करतो. मधे सुट्टी घेतली म्हणून चॅनेलला शिक्षा होत नाही, असं यूट्यूबनेच सांगितलेलं आहे. सुरुवातीला हात बसावा म्हणून भरपूर करून बघा, त्याला माझी ना नाही. पण सराव वेगळा आणि रतीब वेगळा.

गाण्याचं म्हणाल तर त्यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. एकाच गाण्यावर हजारो जण नाचत असताना बघणाऱ्याच्या लक्षात गाणं राहतं, नाचणारा राहत नाही.

तीन सेकंदांच्या सिद्धांतात तथ्य आहे, पण अर्धंच. थांबवणं सोपं असतं. 'हा व्हिडिओ डिलीट होण्याआधी बघा' असं लिहिलं की झालं. बसवून ठेवणं अवघड. बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका घ्या. गावातलीच माणसं, गावातलीच भांडणं आणि लांबलचक भाग. तीन सेकंदांच्या हिशेबाने ती कधीच बुडायला हवी होती. लोक ती जेवणाच्या ताटासमोर बसून बघतात.

हिंदीचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो शहाणपणाच्या आवेशात येतो. मराठीला जाहिरातीचा दर इंग्रजीपेक्षा कमी मिळतो, ही तक्रार खरी आहे. पण बाजार मोठा म्हणजे तुमचा वाटा मोठा, हे कुणी ठरवलं? मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचं चॅनेल सुरू केलं ते इंग्रजीत. मराठी चॅनेल नंतर आलं आणि मूळ इंग्रजी चॅनेलच्या कितीतरी पुढे गेलं. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळच्या एका खेड्यातलं 'व्हिलेज कुकिंग चॅनेल' बघा. आजोबा, नातवंडं, शेतात मांडलेली चूल आणि तोंडी फक्त तमीळ. २०२१ मध्ये त्यांनी १ कोटी सबस्क्राइबर ओलांडले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्यांना पुरून उरलेला मराठी चॅनेलवाला मला अजून भेटायचा आहे.

आता दुसरी फळी. यांना क्लास मान्य नाही. यांचं म्हणणं, आमचं काम दर्जेदार आहे, अल्गोरिदम आम्हाला दाबतो. काही वेळा मालक नियम बदलतो आणि खालचा माणूस भरडला जातो, हे खरं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये पेजेसपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं ठरवलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यात त्यांचा काय दोष? पण रोजच्या अपयशाला ही ढाल चालत नाही. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख असतो, प्रेक्षक कुठे उठून गेले ते दाखवणारा. या दर्जेदार मंडळींनी तो जरा उघडून बघावा. रेघ बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटातच खाली आलेली दिसेल. त्या अर्ध्या मिनिटात काय असतं? फिरणारा लोगो, ड्रोनने घेतलेलं गावचं देऊळ, 'नमस्कार मंडळी, चॅनेलवर नवीन असाल तर...' आणि मग 'तर आज आपण बघणार आहोत'. तोवर बघणारा निघून गेलेला असतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

मग करायचं काय? माझं उत्तर दोन्ही फळ्यांना कोतं वाटेल: प्रेक्षक आधी लहान करा. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की अनोळखी लोकांपर्यंत रील पोचवताना ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, याला मोठं वजन असतं. आता विचार करा, माणूस काय पाठवतो? निफाडकडच्या एखाद्या शेतकऱ्याने कांदाचाळीत उभं राहून दाखवलं की उन्हाळ कांद्यावर काजळी कुठून चढली, वारा कुठे अडला, वरून कोरडा दिसणारा थर मधून कसा सडला, तर तो व्हिडिओ बघणारा पाचशेतला एक असेल. पण तो लगेच मेव्हण्याला पाठवेल, 'दाजी, आपल्या चाळीचं असंच झालंय, बघा.' आणि भाव चढेपर्यंत कांदा चाळीत राहणार असल्याने दोघेही पुन्हा येतील. 'शेतीतून लाखो कमवा' हा व्हिडिओ लाखभर लोक बघतात आणि कुणीच कुणाला पाठवत नाही, कारण तो कुणाच्याच चाळीतला नसतो.

स्पर्धा वाढली आहे हे खरंच आहे. ती वाढली आहे सगळ्यांना आवडेल असं करणाऱ्यांमध्ये. कांद्याच्या काजळीवर महाराष्ट्रात नीट बोलणारे किती जण आहेत?

यावर 'मग पोट कसं भरायचं?' असा सवाल येतो आणि तो रास्त आहे. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्राइबर लागतात आणि त्याच्या जोडीला एकतर वर्षभरात ४,००० तासांचं बघणं, नाहीतर शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. या दोन अटी शेजारी ठेवून बघा. पहिली परत येणाऱ्या हजारेक माणसांवर जमते. दुसरीसाठी रोज नव्या अनोळख्यांच्या मागे धावावं लागतं. क्लासवाले तुम्हाला दुसऱ्या रस्त्याला लावतात. तेव्हा पुढच्या खेपेला कुणी भिंतीवर दहा लाख व्ह्यूजचा स्क्रीनशॉट झळकवला, तर फी भरण्याआधी दुसरा एक मागा: त्याच चॅनेलवर त्या महिन्यात परत आलेले प्रेक्षक किती? स्टुडिओत तो आकडाही असतो.