उजळणी की ओव्हरड्राफ्ट?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या नेरात दहावीच्या घराघरांत 'उजळणी' सुरू होते. अहो, उजळायला आधी भांडं तर घरात हवं! वर्षभर खातं कोरं आणि मार्चात 'अपेक्षित प्रश्नसंचा'वर बीजगणिताचे ४० गुण काढायचे, याला आम्ही बँकवाले ओव्हरड्राफ्ट म्हणतो. एबिंगहॉस या जर्मन गृहस्थानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून सांगितलं, एका बैठकीत घोकलेलं भराभर उडतं. थोडं थोडं, दिवसाआड केलेलं टिकतं. म्हणजे आपलं रिकरिंगच की! पण ऐकतो कोण? बीजगणितात 'अर्थनियोजन' हा धडा आहे, जीएसटी-शेअर्ससकट. तो घोकून पास झालेला पोरगा जूनमध्ये काउंटरवर विचारतो, "काकाजी, स्लिप कशी भराची?" दोष त्याचा नाही. पेपर संपला की खातं बंद, हे आपणच त्याला शिकवलं.