मग पुढे बाईंनी काय केलं?

रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ (१९१०) मी एम.एस.डब्ल्यू. करताना मोठ्या आशेनं वाचायला घेतलं. शिकायला लागली म्हणून घरातल्या बायकांची बोलणी सोसणारी रमा त्यात जिवंत भेटते. पण १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले आणि आठवणीही थांबल्या. पुस्तक निघालं तेव्हा पुण्यात सेवासदन सुरू झालेलं होतं. बायकांना शिकायला घराबाहेर कसं काढलं, पैसा कसा उभारला, हे मला हवं होतं. ते हाती लागलंच नाही.

आमच्या वाचनगटात हेच पुस्तक वाचलं. नवऱ्यामागे जेवणाचे डबे देऊन दोन मुलं शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं, “मग पुढे बाईंनी काय केलं?”

रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या, राबल्या. त्या मौनाला विनय म्हणून गौरवणं आता पुरे! ‘मी केलं’ म्हणणारी बाई ज्यांना आगाऊ वाटते, दोष त्या समाजाचा. आणि आपण? आपले अहवाल आजही ‘संस्थेतर्फे करण्यात आले’ असंच म्हणतात. कुणी केलं? मैत्रिणींनो, आपलं काम आपल्या नावानं लिहू या. नाहीतर ताईंचा प्रश्न उद्या आपल्याबद्दलही विचारला जाईल.